'बेचिराख' म्हणजे काय?

(एका खेड्यांतील मोफत वाचनालयाच्या वार्षिक सभेंत तेथील प्राथमिक शिक्षकानें दिलेलें व्याख्यान.)



मी कांहीं पंडित नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांत शिकून आलेला आणि मुलांकडून बे एके बे घोकून घेणारा एक खेड्यांतला मास्तर आहें. सभेच्या चालकांनीं 'कांहींतरी बोला' असा आग्रह केला, तेव्हां मोठा विषय घेण्याची छाती झाली नाहीं. एकच शब्द घेऊन उभा राहिलों आहें. तो शब्द 'बेचिराख'. वाचनालयाच्या चांगल्या दिवशीं हा अशुभ शब्द कशाला, असें कोणी म्हणेल. पण या शब्दापायीं माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती चारचौघांत कबूल केल्यावांचून मला चैन पडेना.

गोष्ट अशी. आपल्याच गांवचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना आपण सर्व आबा म्हणतों, एके संध्याकाळीं एक कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या वाडवडिलांचें मूळ गांव येथून दोन कोसांवर, ओढ्यापलीकडे होतें. आज तेथें पांढरीचा एक उंचवटा, एक बुजलेली विहीर आणि शेंदूर उडालेला मारुती, एवढेंच उरलें आहे. त्या गांवच्या एका जुन्या मोडी कागदाची बाळबोध नक्कल त्यांनीं सरकारी दप्तरांतून काढून आणिली होती. मीं ती वाचून दाखविली. गांवाच्या नांवापुढें 'बेचिराख' असा शेरा होता. आबांनीं विचारलें, "म्हंजी काय, गुर्जी?"

मीं ठासून सांगितलें, "जळून राख झालेलें. लढाईचे दिवस होते, कोणी तरी आग लाविली असेल."

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या आज्यानं तर कवा जाळपोळीचं नाव काढलं न्हाई. त्यो म्हणायचा, दोन सालं पाऊस न्हाई, मग पटकी, आन् वर साऱ्याचा तगादा. मानसं एकेक करून निघून गेली. पर कागदच म्हणतोय तर तसंच आसंल." एवढें बोलून त्यांनीं कागदाची घडी केली व ते गेले.

पुढें महिन्याभरानें वर्गांत वर्तमानपत्र वाचीत असतां तोच शब्द आला. मीं मुलांना अर्थ विचारला. एक पोर उठून म्हणालें, "बेची राख, गुरुजी! म्हणजे दोघांची राख." सारा वर्ग हंसला. दुसरें म्हणालें, "बे म्हणजे नाहीं. बेइमान म्हणजे इमान नाहीं, तसें बेचिराख म्हणजे राखसुद्धां उरली नाहीं." हें पोर हुशार. पण तेवढ्यांत पहिल्यानें त्याला विचारलें, "मग मधला 'चि' कोणाचा?" यावर वर्ग गप्प झाला आणि मीही गप्प झालों. वीस वर्षें हा शब्द शिकविला, आणि मधला 'चि' कोणाचा हें कधीं मनांत आलें नव्हतें. त्या रात्रीं जुना कोश उघडला, तेव्हां माझी चूक माझ्यापुढें उभी राहिली.

मंडळी, या शब्दांत राख नाहींच. हा शब्द फारशी आहे. 'बे' म्हणजे वांचून. बेकार, बेवारस, बेइमान यांतला तोच 'बे'. आणि दुसरा भाग 'चिराग', म्हणजे दिवा. बेचिराग म्हणजे जेथें दिवा नाहीं तें. 'चिराग'चा 'चिराख' कसा झाला, असें विचाराल, तर त्याला जोडीदार आहे. 'दिमाग' या शब्दाचा आपण 'दिमाख' केला. तेथेंही शेवटचा घशांतला 'ग' आपल्या जिभेला 'ख' वाटला. म्हणजे आधीं 'ख' झाला तो उच्चारामुळें. मग आपल्या कानाला त्या 'चिराख'मध्यें ओळखीची राख ऐकूं आली, आणि दिवा विसरून आपण राख धरून बसलों. अनोळखी शब्दाला ओळखीचा अंगरखा चढविण्याची लोकांची ही खोड फार जुनी आहे, आणि तींत पाप नाहीं. पण मास्तरानें ती तपासूं नये हें मात्र बरें नाहीं.

आतां उजाड गांवाला 'दिवा नसलेलें' असें कां म्हणावें? आपल्या घरांत पाहा. दिवेलागण हा आपला वेळ मोजण्याचा शब्द आहे. बांगडी फुटली तर आपण 'वाढविली' म्हणतों, तसेंच दिवा 'विझव' असें घरची म्हातारी सुनेला म्हणूं देत नाहीं. 'मालव' म्हण, म्हणते. मुलाला वंशाचा दिवा म्हणण्याची रीत आहे. (मुलीला कां नाहीं, हा प्रश्न बायकांनीं विचारावा, मी त्यांच्या बाजूचा आहें.) घर पडलें कीं उभें आहे हें भिंतींवरून कळतें, पण घर जितें आहे कीं नाहीं हें दिव्यावरून कळतें. भिंती, आढें, कौलें, सारें शाबूत असून दिवेलागणीला अंधार असेल, तर तेथें माणूस नाहीं. आणि झोंपडीच्या कुडांतून उजेडाची एक तिरीप दिसली, तर तेथें कोणी भाकरी थापीत आहे. वसुलाचा हिशेब ठेवणाऱ्यानें गांव जितें कीं मेलें हें ओळखण्याची खूण म्हणून दिवा धरला, यांत त्याची नजर खरी होती.

गंमत पाहा. आपल्याकडे नाशाचा आणखी एक शब्द आहे, 'दिवाळें'. त्याच्या उत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. पण कित्येक सांगतात कीं, बुडालेला सावकार आपल्या पेढीवर दिवा लावून ठेवी आणि देणेकऱ्यांची समजूत पटेपर्यंत दूर राही, त्यावरून तो शब्द निघाला. तें खरें असेल तर व्यापारी बुडाला कीं दिवा लागतो, आणि शेतकऱ्याचें गांव बुडालें कीं दिवा जातो. पेढीवरचा दिवा सगळ्या बाजारपेठेला दिसतो. गांवांतला गेलेला दिवा कोण पाहणार?

आपले पूर्वज गांवाचे दोन भाग करीत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गांव उठलें तरी काळी जागेवर राहते. शेजारच्या गांवचे लोक ती वाहतात. पांढरी मात्र ओस पडते. अशा ओस पांढरी या देशांत फार जुन्या आहेत. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून बरींच वर्षें खणून पाहिलें, तेव्हां इसवी सनापूर्वीं १६०० च्या सुमारास बसलेली आणि ७०० च्या सुमारास उठलेली वस्ती सांपडली. त्यांचे रांजण, त्यांच्या चुली, त्यांचे धान्याचे कणगे सांपडले. फारशी भाषा या देशांत येण्याच्या कित्येक शतकें आधीं तें गांव बेचिराख झालेलें होतें.

नंतरचा इतिहास तर आपल्याला तोंडपाठ असावयास पाहिजे. १३९६ पासून बारा वर्षें दुर्गादेवीचा दुष्काळ पडला असें परंपरा सांगते. १६३० ते १६३२ चा दुष्काळ दख्खन व गुजराथ या दोन्ही मुलखांवर पडला. तुकारामबोवांच्या घरांतही त्यानें माणसें नेलीं. त्याच सुमारास विजापूरच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें, आणि तेथें गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकली, असें सांगतात. आज आपण 'गाढवाचा नांगर फिरला' म्हणतों तें याच रीतीवरून. १८०२ सालीं होळकरांच्या फौजा आणि पेंढारी देशावरून फिरले, १८०३ सालीं पावसानें दगा दिला, आणि खानदेशापासून खालीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ तर आपल्या पणज्यांच्या तोंडीं होता.

आतां या यादींत आग किती ठिकाणीं आहे? पुण्यांत आहे, लुटारूंच्या वाटेवर आहे. पण बहुतेक ठिकाणीं पाऊस नाहीं, धान्य नाहीं, रोग आहे, आणि साऱ्याचा तगादा आहे. नुसत्या लेखणीनेंही दिवा जातो, याचें एक उदाहरण देतों. इंग्रजी राज्यांत १८३० च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत प्रिंगल साहेबाची पाहणी अमलांत आली. कागदावर ती शास्त्रशुद्ध होती. पण सारा जमिनीच्या ताकदीबाहेर बसला. कुणबी जमिनी टाकून शेजारच्या मुलखांत निघून गेले. शेवटीं १८३५-३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापुरापासून नवी पाहणी करावी लागली आणि सारा उतरवावा लागला. तेथें कोणीं काडी ओढली नव्हती. तरी दिवे गेले ते गेलेच. पुढें १८८३ सालीं जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो याच न दिसणाऱ्या आगीबद्दल.

जुन्या दप्तरांत याची पायरीपायरीनें नोंद होत असे. प्रथम एखाद्या मिरासदाराचें घर संपे किंवा परागंदा होई; त्याच्या जमिनीपुढें 'गतकूळ' असें लिहीत. कूळ गेलें, जमीन राहिली. मग दुसरें घर, मग तिसरें. अशीं गतकुळें वाढत वाढत एके वर्षीं साऱ्या गांवापुढेंच शेरा पडे: बेचिराख. म्हणजे गांव एका रात्रींत मरत नसे. एकेक दिवा जात असे, आणि प्रत्येक वेळीं उरलेले म्हणत असत कीं आपला तर आहे.

पण मंडळी, याच दप्तरांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या मतें या शब्दाची खरी किंमत आहे. बेचिराख गांवाचें नांव वहींतून खोडीत नसत. त्याची शींव राही, त्याचा आकार राही, त्याचें नांव राही. आणि तें पुन्हां वसवावयाचें झालें म्हणजे कौल देत: येणाऱ्या कुळाला पहिल्या वर्षीं सारा थोडा, दुसऱ्या वर्षीं त्याहून कांहीं जास्त, असा चढता. याला इस्ताव्याचा कौल म्हणत. पुण्याचेंच पाहा. जेथें गाढवाचा नांगर फिरला, तेथें शहाजीराजांच्या जहागिरींत, जिजाऊसाहेबांच्या देखत, सोन्याचा नांगर फिरवून जमीन पुन्हां लागवडीस आणिली, अशी परंपरा आहे. सोन्याचा नांगर खरा असो वा नसो, कौल खरा होता आणि पुणें पुन्हां वसलें हेंही खरें आहे.

आतां तुम्हींच सांगा, राखेपुढें कोणी कौल लिहितो काय? जें जळून राख झालें तें संपलें. त्यापुढें कपाळ बडविण्यापलीकडे काम उरत नाहीं. पण जेथें दिवा नाहीं, तेथें दिवा लावतां येतो. आणि दुसरें असें. राख म्हटली कीं आग लावणारा शोधूं लागतों. तो बहुधा परका असतो, मेलेला असतो, त्याला शिव्या देऊन मोकळें होतां येतें. दिवा गेला म्हटलें कीं विचारावें लागतें: तेल कां संपलें? माणूस कां गेला? कोणी त्याला थांबविलें कां नाहीं? हे प्रश्न आपल्या उंबऱ्यापर्यंत येतात. आबांना मीं 'जळलें' म्हणून सांगितलें, तेव्हां त्यांच्या आज्यानें जपून ठेवलेलें खरें उत्तर मीं त्यांच्या हातून काढून घेतलें. दुष्काळ, पटकी, सारा, हीं तिन्ही कारणें मीं एका खोट्या आगींत टाकलीं.

आणि त्यांनीं तें ऐकून घेतलें, कां? तर कागद तसें म्हणतो, म्हणून. येथें थोडें थांबूं या. तो शेरा लिहिणारा फारशी शब्द जाणत होता, मोडी जाणत होता. ज्याचें गांव गेलें तो कुणबी कागदावर सहीच्या जागीं नांगराची निशाणी करीत होता. त्याच्याच गांवाच्या मरणाचा दाखला त्याला वाचतां येत नव्हता. शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करविला आणि दरबारांतल्या फारशी शब्दांना संस्कृत शब्द सुचविले. तरी पुढेंही दप्तरांत फारशी शब्द राहिलेच. आणि खरें बोलावयाचें तर कुणब्याला जशी फारशी दूर तशीच संस्कृतही दूर. कोणत्या भाषेंतला शब्द, याहून तो समजावून सांगणारा कोणी आहे कीं नाहीं, हा प्रश्न मोठा. तीन पिढ्यांनीं आबांचा कागद बाळबोधींत आला, वाचणारा मास्तर त्यांच्याच जातीपातीचा मिळाला, आणि त्या मास्तरानेंच चुकीचें सांगितलें! अक्षर ओळखणें म्हणजे विद्या नव्हे, हें मला त्या दिवशीं कळलें.

दिव्यांच्या या हिशेबांत एक सावधगिरीही हवी. गांव वसलेलें आहे कीं नाहीं हें ठरवितांना दप्तरानें माणसें पाहिलीं. मारुतीपुढें कोणी वाटसरूनें पणती लाविली म्हणून गांव वसलेलें धरलें नाहीं. हें योग्यच झालें. पण गांवांतल्या आपण लोकांनीं दिवे मोजतांना गांवकुसाबाहेरचे दिवे मोजले काय? ज्यांनीं गांवाची शींव राखली, जे शींवेच्या तंट्यांत साक्षीला उभे राहिले, त्यांच्या वाड्यांतला दिवा गेला तर गांव अंधारलें असें आपण कधीं म्हटलें काय? वेशीच्या आंतल्याच उजेडाला गांव समजणाऱ्या माणसाला बेचिराखचा अर्थ अर्धाच कळला आहे.

राखेचा अर्थ आज इतका पक्का झाला आहे कीं तो कोणी पालटूं शकणार नाहीं, आणि पालटावा असा माझा हट्टही नाहीं. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमा एका बाँबनें होरपळलें. अशा जागीं 'बेचिराख' म्हणतांना राख मनांत येणारच. पण जुना अर्थही हातीं असूं द्या. त्याचें काम संपलेलें नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपती बोळवून लोक झोंपले असतांना, किल्लारीच्या बाजूला भूकंप झाला आणि दगडामातीच्या जाड भिंती माणसांवर आल्या. तेथें गांवें दुसऱ्या जागीं नव्यानें बांधलीं. जुन्या पांढरी तशाच राहिल्या. कोयना, जायकवाडी, उजनी यांच्या पाण्याखालीं किती गांवें गेलीं! उन्हाळ्यांत उजनीचें पाणी उतरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें आणि लोक तें पाहावयाला जातात. त्यांतल्या एकानें तरी विचारावें कीं देवळाभोंवतीं ज्यांचे दिवे होते ते कोठें गेले, आणि त्यांना दुसरीकडे तेल-वात मिळाली काय?

आपल्या डोळ्यांदेखत होणारें तर सांगावयासच नको. बीड जिल्ह्यांतून आणि आपल्याही बाजूनें दिवाळीच्या पुढेंमागें ऊसतोडीला जोडपीं निघतात. दाराला कुलूप, ओसरीवर म्हातारी, आणि पोर एक तर गाडींत नाहीं तर म्हातारीपाशीं. चारसहा महिने तीं घरें बेचिराखच. आणि आतां एक नवी फसवणूक आहे. पूर्वीं दिवा माणसालाच लावावा लागे. आज खांबावरचा विजेचा दिवा आपोआप लागतो आणि रिकाम्या घरांवर रात्रभर जळतो. लांबून पाहणाऱ्याला वाटावें, गांव कसें झगझगतें आहे! तेव्हां आतां दिवा मोजावयाचा तर खांबाचा नको. माझ्यापुरता मी शाळेच्या हजेरीपटावरून मोजतों. दिवाळीआधीं जितकीं नांवें, त्याहून नंतर किती कमी, तितके दिवे गेले. कोणत्याही वहींत त्यांच्यापुढें शेरा पडत नाहीं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली वाचनालयाला. आपल्या पंचक्रोशींतल्या ओस पडलेल्या प्रत्येक पांढरीचें नांव, आणि ती कां ओस पडली याबद्दल म्हाताऱ्यांना जें आठवतें तें, एका वहींत लिहून घ्यावें. पांढरीची माती आपण खत म्हणून शेतांत नेतों. खापरें निघतात तीं बांधावर फेंकतों. निदान नांवें तरी फेंकूं नयेत. म्हातारे एकेक करून चालले आहेत, तेव्हां हें काम पुढच्या वर्षावर टाकूं नका. दुसरी विनंती आईबापांना. ऊसतोडीला जावें लागतें तर जा, पोटाला इलाज नाहीं. पण पोरांना मागें ठेवून जा. त्यांच्या दोन वेळच्या भाकरीची सोय गांवानें वांटून घ्यावी, आणि रात्रीं शाळेंत त्यांना घेऊन बसण्याचें काम माझें. हा मी गांवाजवळ मागत असलेला कौल समजा.

आबा येथें पुढेंच बसले आहेत. सभा संपल्यावर मी त्यांच्या घरीं जाऊन तो कागद पुन्हां वाचणार आहें. आबा, तुमच्या आज्याचें म्हणणें खरें होतें. कागदही तेंच सांगत होता. चूक वाचणाऱ्याची होती.